टपाल आपल्या घरात

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या काकांचा दाराशी आवाज आला, "अहो, जरा येता का? माझी पत्रं गेली!" बँकेतून निवृत्त होऊन काकांना वीस वर्षं होत आली. वीज गेली, पाणी गेलं तरी आवाज न चढवणारा हा माणूस. हातातला चहा तसाच ठेवून मी त्यांच्याकडे गेलो. पत्रं कुठंही गेली नव्हती. संगणकानं रात्रीतून ई-मेलच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवून घेतली होती. डावीकडची फोल्डरांची रांग आक्रसून नुसती चित्रं उरली होती, एका ओळीत मावणारं पत्र तीन ओळींच्या चौकटीत जाऊन बसलं होतं आणि 'पत्रं आणा' असं सांगणारं बटण, जिथं काकांचं बोट बारा वर्षं न बघता जात होतं, तिथं भलतंच काही आलं होतं. दहा मिनिटं खटपट करून जुनं रूप बरंचसं परत आणून दिलं. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मला एक सांगा, ही सुधारणा मागितली कुणी होती?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण सुधारणा मागणारे असतात, आणि हजारोंनी असतात. ई-मेलच्या प्रोग्रॅममध्ये अमुक हवं, तमुक नको, अशा मागण्यांचे ढीग तो तयार करणाऱ्यांपुढे रोज पडत असतात. त्यातल्या काही वीस-वीस वर्षं जुन्या आहेत. घरात कुणी तरी दुरुस्तीची कामं कागदावर लिहून ठेवावीत, आणि कागद पिवळा पडला तरी पहिलंच काम शिल्लक असावं, तशातली गत.

आधी एक खुलासा करायला हवा, कारण हल्लीच्या मुलांना हा फरक ठाऊक नसतो. आज बहुतेक जण ब्राउझर उघडून किंवा मोबाइलवर पत्रं वाचतात. ती पत्रं असतात दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रात. आपण पोस्टात जाऊन खिडकीशी उभं राहून वाचावीत, तशी वाचून परत येतो. संगणकावरचा ई-मेल प्रोग्रॅम हा प्रकार मुळात वेगळा. तो पोस्टमनसारखा पत्रं घरी आणून आपल्या कपाटात ठेवतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीचं नावच मुळी 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल' असं आहे. पुढं १९८६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मार्क क्रिस्पिन यांनी 'आयमॅप' ही दुसरी पद्धत काढली. तीत मूळ पत्र पोस्टात राहतं आणि घरच्या कपाटात त्याची नक्कल. दोन संगणक, शिवाय खिशात फोन, अशा आजच्या माणसाला ती सोयीची. पण तीत एक मेखही आहे. पोस्टातलं पत्र गेलं की नक्कलही जाते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा घरी पत्र आणणं ही चैन नव्हती, काटकसर होती. मोडेमचा तो खरखराट, मग एकदाची लागणारी लाइन आणि तिकडे टेलिफोनचं चालू झालेलं मीटर. शहाणी माणसं लाइन न जोडता निवांत पत्र लिहीत, मग जोडणी करून पाठवत, आलेलं खाली उतरवून घेत आणि ताबडतोब लाइन तोडत. वाचायचं ते नंतर, फुकटात. त्या काळातला प्रोग्रॅम घरातल्या सगळ्यांना एवढ्यासाठीच हवा होता. पुढं मीटर गेलं आणि मागण्या वाढल्या.

माणसांच्या मागण्या ऐकून वाढलेल्या प्रोग्रॅमचं जुनं उदाहरण म्हणजे 'युडोरा'. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये तो लिहिला. घरच्यांशी भांडून थेट पोस्टातच राहायला गेलेल्या मुलीवर युडोरा वेल्टी या लेखिकेची एक कथा आहे. दिवसरात्र टपालात बुडालेल्या डॉर्नर यांना ती आठवली आणि प्रोग्रॅमला लेखिकेचं नाव मिळालं. पुढं तो क्वालकॉम कंपनीकडे गेला. २००० साली आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत एक मजेदार सोय होती. रागाच्या भरात लिहिलेल्या पत्रातले शब्द तपासून प्रोग्रॅम शेजारी मिरच्या दाखवी. जरा झोंबरं पत्र असेल तर एक, फारच जहाल असेल तर तीन. तिखटाची ही मोजदाद कोल्हापूरकरांनी मान्य केली असती की नाही कोण जाणे, पण त्यामागचं शहाणपण मात्र अस्सल घरगुती होतं. आपल्या घरातही 'आत्ता टाकू नकोस ते पत्र, उद्या सकाळी वाच आणि मग टाक' असं सांगणारं कुणी तरी असायचं. २००६ मध्ये क्वालकॉमनं युडोरा बंद करत असल्याचं जाहीर केलं. चाहते तरी तो वर्षानुवर्षं वापरत राहिले. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं त्याची मूळ संहिता सगळ्यांसाठी खुली केली.

मिरच्यांवरून आठवलं. लोकांच्या मागण्यांमध्ये वर्षानुवर्षं सर्वांत वर असते ती हीच : पाठवलेलं पत्र परत घेता आलं पाहिजे. साहेबाला लिहिताना साहेबाबद्दलच काही लिहिलेलं पत्र साहेबालाच गेलं, अशी कहाणी प्रत्येक कचेरीत एक तरी असते. पण खरं सांगायचं तर ही मागणी पुरी होण्याजोगी नाही. ई-मेल पाठवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढले, त्यात 'पोचवा' आहे, 'परत आणा' नाही. एकदा पत्र दुसऱ्याच्या यंत्रात गेलं की ते त्याचं. आउटलुकमध्ये पत्र मागं घेण्याचा एक हुकूम आहे खरा, पण तो चालतो एकाच संस्थेच्या अंतर्गत टपालात. बाहेरच्या माणसाला बहुधा एवढंच कळतं की, अमुक व्यक्ती आपलं पत्र परत घेऊ इच्छिते. झालं! ज्यानं ते पत्र एरवी उघडलंही नसतं, तो आता आधी तेच वाचतो.

यातून तोडगा निघाला तो साधा. जीमेलनं मार्च २००९ मध्ये 'पाठवणं रद्द करा' ही सोय प्रयोग म्हणून आणली, तेव्हा मुदत होती पाच सेकंदांची. २०१५ मध्ये ती सगळ्यांना रीतसर मिळाली, आणि आता तीस सेकंदांपर्यंत वाढवता येते. लोकांना वाटतं पत्र अर्ध्या वाटेवरून परत आलं. तसं काही नसतं. पत्र उंबऱ्याच्या आतच थांबवून धरलेलं असतं. संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये हेच काम जास्त चांगलं होऊ शकतं, कारण जाणारी पत्रं ठेवायला तिथं 'आउटबॉक्स' म्हणून आपली स्वतःची पेटीच असते. आउटलुकमध्ये प्रत्येक पत्र काही मिनिटं रोखण्याचा नियम घालता येतो. इतर प्रोग्रॅममध्ये जोडपुरवण्या बसवून ते साधतं. तरीही ही सोय पहिल्या दिवसापासून, कुणी न सांगता चालू असावी, ही मागणी आहे आणि मला ती पटते. ज्याला तिची गरज असते त्याला ती आहे हे पत्र गेल्यानंतरच कळतं.

दुसरी मागणी विसराळू माणसांची. 'सोबत फोटो जोडत आहे' असं लिहायचं आणि फोटो जोडायचाच नाही, हे कुणी केलं नाही? पत्राला फोटो, आवाज वगैरे जोडण्याची रीत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये घालून दिली. हा उपद्व्याप कशाला, असं लोक विचारत, तेव्हा पुढं मला नातवंडं होतील आणि त्यांचे फोटो मला ई-मेलनं यायला हवेत, असं बोरेनस्टाइन सांगत. आज दूरदेशी मुलं असलेल्या आपल्याकडच्या प्रत्येक आजी-आजोबांनी या माणसाचे आभार मानायला हरकत नाही. तर विसराळूंसाठी 'थंडरबर्ड' या मोफत प्रोग्रॅमच्या २००९ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत आठवण करून देण्याची सोय आली. पत्रात 'सोबत जोडले' अशा अर्थाचे शब्द दिसले आणि जोडलेलं काहीच नसलं, की प्रोग्रॅम विचारतो. शब्दांच्या यादीत आपल्याला भर घालता येते. मराठी माणसाची पंचाईत इथं सुरू होते. इंग्रजीत दोन-चार शब्दांत भागतं. आपल्याकडे जोडलं, जोडले, जोडली, जोडलेला, जोडतोय, जोडत्ये, शिवाय 'सोबत' आणि 'यासोबत'. आणि अर्धी माणसं हे सगळं रोमन अक्षरांत लिहिणार, ज्याला जसं सुचेल तसं.

मराठीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण या मागण्यांच्या ढिगात आपली मागणी क्वचितच दिसते. जुन्या ई-मेलला रोमन लिपी आणि काही चिन्हं यांपलीकडे काही कळत नसे. नव्वदच्या दशकात मराठीत पत्र पाठवायचं तर वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट होते आणि एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. पत्र मिळणाऱ्याकडे तोच फाँट नसेल तर 'चि. बाळास अनेक आशीर्वाद' याचा स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या खुणांनी भरलेला चिवडा होई. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरीला जागा मिळाली होती. पण घराघरातल्या संगणकांपर्यंत ते पोचायला बरीच वर्षं गेली. आता चिवडा होत नाही. पण शोध घेऊन पाहा. 'ॲ' हे अक्षर २००८ पर्यंत युनिकोडमध्ये स्वतंत्र नव्हतं. लोक 'अ' काढून त्यावर चंद्र ठेवत. आजही दोन्ही रीती चालू आहेत. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा 'र' तसाच, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, यंत्राला दोन वेगळे. त्यामुळे 'ॲडमिशन'बद्दलचं पत्र आपल्याकडे असूनही शोधात सापडत नाही, आणि आपण ते पाठवणाऱ्यालाच खोटं ठरवतो! दिसायला सारखी अक्षरं शोधताना सारखीच मानावीत, एवढंच मागणं आहे. हे मागायला मराठी माणसानं ते मागण्यांच्या यादीत लिहावं मात्र लागेल. आपण घरी कुरकुर करतो, लिहीत नाही.

आता जी मागणी मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते तिच्याकडे येतो. ती बटणांची नाही. पत्रं प्रोग्रॅमच्या पोटात अडकू नयेत, ही ती मागणी. प्रत्येक प्रोग्रॅम पत्रं आपापल्या तऱ्हेनं साठवतो. आउटलुक ती एका खास बांधणीच्या फायलीत ठेवतो, आणि त्या बांधणीची माहिती मायक्रोसॉफ्टनं सगळ्यांसाठी खुली केली ती २०१० मध्ये. थंडरबर्डची पद्धत बाबा आदमच्या काळातली : एका फोल्डरची सगळी पत्रं एकाखाली एक लिहिलेली एकच लांबलचक फाइल, जुन्या चोपडीसारखी. या पद्धतीला लोक नावं ठेवतात आणि त्यात तथ्यही आहे. पत्र पुसलं तरी चोपडीतून ते लगेच जात नाही, त्यावर नुसती काट मारली जाते. पुढं कधी तरी 'आवळून घ्या' असा हुकूम दिला की मग जागा मोकळी होते. 'एवढी पत्रं पुसली तरी जागा का होत नाही?' या नित्याच्या तक्रारीचं उत्तर हेच. चोपडी फार जाड झाली की सगळं मंदावतं. दर पत्राची वेगळी फाइल करावी, ही मागणी म्हणूनच जुनी आहे आणि रास्त आहे.

तरी त्या चोपडीबद्दल मला वाईट बोलवत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, १९९९ पासून अमेरिकेतल्या ताईला दर आठवड्याला ई-मेल लिहीत. मराठीच, पण रोमन अक्षरांत, आणि सगळी अक्षरं मोठी, कारण की-बोर्डवरचं ते बटण एकदा दाबलं गेलं ते त्यांना पुन्हा सोडवता आलं नाही. ताईकडची पत्रं तिनं ज्या फुकट सेवेत ठेवली होती ती मध्येच बंद पडली आणि पत्रं तिच्याबरोबर गेली. नाना २००७ मध्ये गेले. त्यांचा संगणक त्याआधीच भंगारात गेला होता. पण निघण्यापूर्वी भाच्यानं त्यातलं सगळं एका सीडीवर उतरवून ठेवलं होतं. दहा-बारा वर्षांनी माळा आवरताना ती सीडी सापडली. ज्या प्रोग्रॅमनं पत्रं लिहिली होती तो तोवर नव्या संगणकावर चालेनासा झाला होता. मी आशा सोडून, नुसतं बघावं म्हणून, 'पाठवलेली पत्रं' या नावाची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. वर तारखा-पत्त्यांची थोडी गिचमीड, आणि खाली नाना. आंब्याची पेटी कितीला मिळाली, नळाला पाणी किती वाजता येतं, आईचा गुडघा. चारशेच्या वर पत्रं, एकही अक्षर न गळता. त्या रात्री ताईला फोनवर मी तासभर वाचून दाखवत होतो.

म्हणून कुणी नवा प्रोग्रॅम सुचवला की मी आधी विचारतो, यातली पत्रं यातून बाहेर कशी काढायची? दिसायला तो कसा आहे हे मागाहून.

पण मग प्रश्न येतो, हे सगळं करायचं कुणी आणि कुणाच्या पैशानं? न्यूझीलंडच्या डुनेडिनमधले डेव्हिड हॅरिस १९९० पासून 'पेगॅसस मेल' हा प्रोग्रॅम जवळजवळ एकहाती लिहीत आणि मोफत देत आले. वापरणाऱ्यांनी ऐच्छिक मॅन्युअल विकत घ्यावं, त्यावर आपलं भागावं, एवढी त्यांची अपेक्षा. २००७ च्या सुरुवातीला तेही भागेना, तेव्हा काम थांबवत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. मग लोक जागे झाले आणि काम पुन्हा सुरू झालं. थंडरबर्डची कथा याहून मोठी. डिसेंबर २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती काढणाऱ्या मोझिलानं २०१२ मध्ये सांगितलं की, यापुढं यात नवं फार काही करणार नाही, सुरक्षेच्या डागडुजीपुरतं बघू. लाखो माणसं ज्यात रोज पत्रं वाचत होती तो प्रोग्रॅम असा ओसरीवर आला. स्वयंसेवकांनी तो तगवला. २०२० मध्ये त्यासाठी मोझिला फाउंडेशनच्या छत्राखाली वेगळी कंपनी झाली. वापरणाऱ्यांकडे थेट वर्गणीही मागितली जात होती. २०२२ मध्ये अशा देणग्यांतून सुमारे ६४ लाख डॉलर जमले. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी माणसं पैसे देत नाहीत असं आपण धरून चालतो. इथं ती देतात, कारण आपली वीस वर्षांची पत्रं त्यात आहेत.

पैसे आले तशी रखडलेली कामं मार्गी लागली. पत्र कुलूपबंद करून पाठवण्याची सोय २०२० मध्ये आतच आली, तिच्यासाठी पूर्वी वेगळी पुरवणी लागे. पत्त्यांची वही २०२२ मध्ये नव्यानं बांधली. फोनवरची आवृत्ती २०२४ च्या ऑक्टोबरात निघाली. आणि २०२३ च्या जुलैत आलेल्या 'सुपरनोव्हा' नावाच्या आवृत्तीत चेहराच बदलला. त्यावर दोन तट पडले. एक म्हणाला, शेवटी एकदाचा हा प्रोग्रॅम या शतकातला दिसू लागला. दुसरा म्हणाला, आमचं काय चुकलं होतं? करणाऱ्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. दोन दशकांत एकावर एक चढवलेल्या मजल्यांचा पाया उकरल्याशिवाय नवं काही बांधता येत नव्हतं. आणि पाया उकरताना लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या पुरवण्या आधीच्या आवृत्त्यांपासूनच एकेक करून बंद पडत गेल्या होत्या. नवे वापरणारे आले नाहीत तर वर्गणी देणार कोण, हाही हिशेब असणारच.

मला मात्र काकांची बाजू थोडी जड वाटते. मागणी करणारा नेहमी नवं काही मागतो. ज्याला आहे ते पुरेसं आहे तो काहीच लिहीत नाही, आणि यादीत त्याचं नाव नसतं. बटण सरकवण्याआधी 'जुनं तसंच ठेवू का?' असं एकदा विचारणं ही काही फार मोठी सुधारणा नव्हे.

परवा काकांकडे पुन्हा गेलो होतो. म्हटलं, तुम्हीच सांगा, या प्रोग्रॅममध्ये तुम्हाला काय हवं? त्यांनी कॅलेंडरचं फाटलेलं पान पुढं केलं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. अक्षर मोठं. छापताना वरची गिचमीड नको. आणि तिसरं : ज्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही त्याची आठवण. पहिली दोन होण्याजोगी होती. तिसऱ्यालाही वाट होती, फक्त ती कुणी दाखवलेली नसते. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये एखादा शोध फोल्डरासारखा कायमचा जतन करता येतो. मी दोन अटी घातल्या : उत्तर दिलेलं नाही, आणि तीस दिवसांहून जुनं आहे. जाहिराती, बँकेची पत्रं वगळली. नाव दिलं 'राहिलेली उत्तरं'.

त्यात एकेचाळीस पत्रं निघाली. सर्वांत खालचं सहा वर्षांपूर्वीचं, नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याचं. काकांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची पुढं ओढून घेतली, आणि मला म्हणाले, "तुम्ही बसा, चहा होतोय," आणि एका बोटानं टंकायला लागले.